उजवीकडची जागा

छतावरचा दांडा तारेवरून सुटला आणि ट्रॉलीबस अथेन्समधल्या पातिसिओन रस्त्याच्या ऐन चौकात बंद पडली. निकोदिमोस हातमोजे चढवून मागे गेला, दोर सोडवला आणि मान वर करून दांडा पुन्हा तारेला लावायला लागला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत कामावर असताना त्याने कधी फोन घेतला नव्हता. पण नंबर बेटावरचा होता, आणि वडील जाऊन आठ महिने झाल्यावर बेटावर त्याचं म्हणावं असं एक आत्याच तेवढी उरली होती. त्याने एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्याने फोन कानाला लावला. आत्या नव्हती. नगरपालिकेतली कुणी मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची. "मेसोवुनीच्या अलीकडच्या वळणावर पत्र्याची एक देवळी आहे," ती म्हणाली, "तुमच्या वडिलांच्या नावावर लागलेली. रस्ता रुंद होतोय, म्हणून ती जरा वरच्या अंगाला सरकवायची आहे. अर्जात एक रकाना राहिलाय. देवळी कोणासाठी उभारली होती? जिवंत की मृत?" निकोदिमोसने दोर हाताला गुंडाळून घेतला. "म्हणजे कसं आहे," ती समजावू लागली, "अपघातात गेलेल्या माणसासाठी असेल तर हलवण्याआधी पाद्रीबाबांना बोलवावं लागतं. कुणी वाचला म्हणून नवसाची असेल तर नुसती उचलायची. तुम्ही सांगाल ते लिहिते. आणि नाव." मागे गाड्या भोंगे वाजवत होत्या, बसमधली एक बाई खिडकीतून मान काढून विचारत होती की आज घरी पोचवणार का उद्या. मृत, हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता, पन्नास वर्षं तयार होता. पण नाव विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की नावाची त्याला खात्री नव्हती, खात्री करून घ्यायला तो कधी कुणाकडे गेलाच नव्हता. "मी येऊन सांगतो," तो म्हणाला, आणि दांडा तारेला लावला.

निकोदिमोसला एक थोरला भाऊ होता. तो होता हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी ते कुणी सांगायची गरज नव्हती, कारण बेटावर नावं आपण होऊन सांगतात. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं. त्यात इकडचं तिकडे होत नाही. गल्लीत एक नाव पुकारलं की चार चुलतभाऊ माना वळवतात, ते याचमुळे. निकोदिमोस घरातला एकुलता एक मुलगा, आणि आजोबांचं नाव माथियोस. आठ वर्षांचा असताना आपल्या गावच्या, मेसोवुनीच्या, भट्टीवर पाव आणायला गेला होता, तेव्हा रांगेतल्या एका परगावच्या बाईने त्याला नाव विचारलं, बापाचं विचारलं, आजोबांचं विचारलं, आणि बोटांवर मोजत म्हणाली, "मग माथियोस कुठे गेला?" रांगेतल्या गावच्या बायका एकदम गप्प झाल्या. एकीने त्याच्या हातात गरम पाव कोंबला आणि घरी पिटाळलं. तो गरम पाव छातीशी धरून चढण चढताना त्याने दोन आणि दोन चार केले. माथियोस हे नाव आधीच देऊन झालं होतं. ज्याला दिलं होतं, तो वळणावर गेला. म्हणून वडील रोज गावची बस तिथे थांबवतात, उतरतात, देवळीत तेल घालतात आणि परत चढतात. म्हणून त्या वळणावर एकदा नाही, दोनदा हॉर्न देतात: एक समोरून येणाऱ्यासाठी, एक त्याच्यासाठी. इतर देवळ्यांमध्ये मेलेल्याचा फोटो असतो, हिच्यात नाही, कारण इतक्या लहान पोराचा फोटो कोण काढणार? सगळं जुळत होतं. आई त्याच्या वर्षभर आधीच गेली होती. वडिलांना विचारायची सोय नव्हती, ते बसमध्ये कामाखेरीज कुणाशी बोलत नसत. आजोबा दाराशी काठी घेऊन बसत आणि नातवाला नावाने हाक मारत नसत, 'ए', 'अरे', 'हा', एवढंच. अकराव्या वर्षी मामाने त्याला अथेन्सला नेलं, आणि भाऊ त्याच्याबरोबर बोटीत चढला.

भाऊ दोन वर्षांनी मोठा होता आणि नेहमी दोन वर्षांनीच मोठा राहिला. तो गणितात बरा होता. त्याला समुद्राचं भय वाटे, पण उंचीचं नाही. निकोदिमोसचे केस तिशीत विरळ झाले, माथियोसचे झाले नाहीत. लष्करात पहाऱ्यावर उभं असताना दोघे पाळीपाळीने जागत. ट्रॉली हातात आली तेव्हा, तिकडे चालकाची जागा डावीकडे असते म्हणून, माथियोस उजवीकडे उभा राहू लागला, दाराच्या खांबाला धरून, आणि अरुंद वळणावर निकोदिमोस ओठ न हलवता सांगे, उजवीकडे बघ रे. मोकळं आहे, माथियोस म्हणे. सव्वीस वर्षांत उजव्या अंगाला एक ओरखडासुद्धा आला नव्हता. डेपोतले लोक म्हणत, तुझ्या उजव्या डोळ्याला दृष्ट लागेल. त्याची बायको एवान्थिया नऊ वर्षं नांदली. जाताना म्हणाली, "तुमच्या घरात तिसरं कुणीतरी राहतं. बाई असती तर भांडले असते." ती भांडखोर नव्हती, तिला खरंच वाईट वाटलं होतं. त्यालाही वाटलं. पण मेलेल्या भावाला घराबाहेर कसं काढायचं हे त्याला माहीत नव्हतं, आणि काढावं असंही कधी वाटलं नाही. हेवा मात्र वाटायचा. आई रात्री त्याच्या बिछान्याशी येऊन वाकायची, चेहऱ्याजवळ चेहरा आणून कितीतरी वेळ बघत राहायची, आणि त्याला डोळे मिटूनही समजायचं की ती दुसऱ्याचा चेहरा शोधते आहे.

बुधवारच्या संध्याकाळच्या बोटीने तो बेटावर उतरला आणि गुरुवारी सकाळी आत्याच्या अंगणातली वडिलांची जुनी लाडा गाडी बाहेर काढली. फ्रांगुला आत्या, वडिलांची धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, लग्न न केलेली आणि त्याबद्दल कधी न हळहळलेली. तिने काळा कोट घातला होता, आणि मांडीवर तेलाची बाटली बाळासारखी धरली होती. "मीपण येते," तिने रात्रीच जाहीर केलं होतं, "आठ महिने झाले डोंगर बघून. तुझा बाप होता तोवर नेत होता. आता मला न्यायला बस नाही आणि मरणही नाही." ती पुढच्या सीटवर बसली, उजवीकडे. निकोदिमोसला क्षणभर चुकल्यासारखं झालं. माथियोस कुठे बसला असेल या विचाराने त्याने आरशात मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं, एक रिकामी टोपली होती. बंदर मागे पडलं, बटाट्याची शेतं मागे पडली, आणि रस्ता जैतुनांच्या झाडीत शिरून हळूहळू चढू लागला. ऑक्टोबर संपत आला होता. झाडांखाली जाळी पसरली होती, कुठेतरी द्राक्षांच्या चोथ्याची दारू गाळत होते, तिचा गोड जळका वास काचेच्या फटीतून आत येत होता. उन्हाला धार नव्हती, ते नुसतं सगळ्यावर ठेवल्यासारखं होतं. "हळू," आत्या म्हणाली. "हळूच आहे." "मग आणखी हळू. घाई असेल त्याने अथेन्समध्येच राहावं."

तिला प्रत्येक गावात काहीतरी काम निघत होतं. हाल्कीत एका ओळखीच्या दारावर नुसतं ठोठवायचं होतं, ती बाई जिवंत आहे का बघायला. ती होती, आणि तिने खिडकीतूनच विचारलं, "तू अजून आहेस?" दोघींना बरं वाटलं. फिलोतीत चौकातल्या मोठ्या झाडाखाली गाडी थांबवून आत्याने एक चीज घेतलं, ते हुंगून परत दिलं, आणि दुसरं घेतलं. निकोदिमोस स्टिअरिंगवर हात ठेवून हे सगळं पाहत होता आणि त्याला वाटत होतं की तो हे आधी कुठेतरी स्वप्नात पाहून चुकला आहे, तेव्हा मात्र तो चालकाच्या जागी नव्हता, मागच्या बाकावर होता. हाच चौक, बसचा निळा दरवाजा, वडिलांची पाठ. वडिलांचा चेहरा त्याला नीट आठवत नसे, पाठ आठवे. खाकी सदरा, खांद्यांच्या मधोमध घामाचं ओलं पान. त्या पाठीमागे पहिल्या बाकावर बसून तो मेसोवुनी ते बंदर आणि बंदर ते मेसोवुनी किती वेळा गेला असेल. वळण आलं की पाठ जरा ताठ व्हायची. दोन हॉर्न. मग गाडी थांबायची, आणि वडील उतरताना मागे न बघता म्हणायचे, "क्रूस काढ." तो छातीवर क्रूस काढायचा. खिडकीतून त्याला दिसायचं ते एवढंच: चार लोखंडी पायांवर उभी पत्र्याची पेटी, तिचं छोटं दार, आणि दारात वाकलेली पाठ. त्याला उतरायची परवानगी नव्हती. एकदा त्याने उतरायला पाय खाली टाकला तर वडिलांनी त्याला काखेत धरून परत आत बसवलं, इतक्या जोरात की दुखलं. ते त्याच्या मनात कायमचं राहिलं. इथे दुसऱ्याची जागा आहे, तुझं काम नाही, असंच त्या हातांनी सांगितलं होतं.

आज मात्र त्याला ते नाव विचारायचंच होतं. त्यासाठीच तो आला होता. भावाचं नाव, तो कितीचा होता, आणि त्याला पुरलं कुठे. मेसोवुनीच्या स्मशानात लहान क्रूस पुष्कळ होते, वडिलांना मातीत ठेवलं त्या दिवशी त्याने एकेक वाचून पाहिले होते. अर्जातला रकाना हे निमित्त होतं. खरं म्हणजे त्याला त्या पाद्रीबाबांनी भावाचं नाव मोठ्याने उच्चारलेलं एकदा ऐकायचं होतं, सगळ्यांदेखत, म्हणजे मग तो भाऊ आपल्या एकट्याच्या डोक्यातला राहणार नाही. फिलोती सोडल्यावर, डोंगर उजवीकडे उभा राहिला आणि खाली सगळी दरी धुरकट हिरवी पसरली, तेव्हा त्याने घसा साफ केला. "आत्या, त्या देवळीचं..." "तेल आणलंय," ती म्हणाली, "वातीपण आणल्यात. तुझ्या बापासारखं विचारतोस. बस चालवणाऱ्यांना दुसरं सुचत नाही का रे?" त्याने गिअर बदलला. पन्नास वर्षांच्या गोष्टीला आणखी दहा किलोमीटर काही जड नव्हते.

आपीरान्थोसला कॉफीसाठी थांबणं भाग होतं, कारण तिथे झान्निस काका होते. झान्निस म्हणजे वडिलांच्या बसचे कंडक्टर. गाडीवरची नोकरी सुटून आता तीस वर्षं झाली असतील, तरी ते सकाळी दहाच्या सुमाराला अजून चौकात येऊन बसत, गाडीची वेळ म्हणून. संगमरवराच्या पायऱ्या उतरून आत्या पुढे गेली. झान्निसनी खुर्ची सरकवली. "फ्रांगुला, तू वाळून खारीक झालीस." "आणि तू फुगून बोका. सरक." मग त्यांनी निकोदिमोसकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. "हा? हाच ना तो? अगं, हा माझ्या गाडीतून न चढता उतरलेला एकुलता एक प्रवासी." शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले, त्यांनी ही गोष्ट आधी ऐकली होती. "मेसोवुनीत चढले एकोणीस, बंदरावर उतरले वीस," झान्निस बोटाने टेबलावर ठोकत म्हणाले. "तपासनीस माझी मान धरून उभा. विसावा कुठून आणलास? म्हटलं, साहेब, वळणावरून उचलला." निकोदिमोसच्या हातात कॉफीचा कप होता. त्याने तो खाली ठेवला नाही, वरही नेला नाही.

"त्याला माहीत आहे सगळं," आत्या म्हणाली, "तू तुझी कॉफी पी." पण झान्निसना कोण थांबवणार? त्यांच्याकडे हीच एक गोष्ट होती आणि ती आज तिच्या धन्यासमोर सांगायला मिळत होती. "निळा होतास," ते त्याच्याकडे वाकून म्हणाले, "पिकल्या द्राक्षासारखा निळा. नाळ गळ्याभोवती. सुईण म्हणून गाडीत होती ती म्हातारी कात्सूराकी, तिने तुला उलटा धरला, पाठीत मारलं, तोंडात फुंकर घातली, काही नाही. गाडीत बकऱ्या होत्या, त्यासुद्धा गप्प. आणि तुझा बाप, जो कधी तोंड उघडायचा नाही, तो रस्त्यात गुडघ्यांवर बसला आणि ओरडला. सगळ्या डोंगराने ऐकलं. संत निकोदिमोसा, ह्याला श्वास दे, ह्याला तुझं नाव देतो. माझ्या बापाचं देत नाही, तुझं देतो. असं दोनदा. आणि दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तू रडलास." ते मागे टेकले. "देवळीचा पत्रा मी आणला बंदरावरून. पाय तुझ्या बापाने वेल्ड केले. त्या दिवशी गाडीत मी होतो म्हणणारे आज दोनशे लोक आहेत या डोंगरात. तीन गाड्या लागल्या असत्या." शेजारचे पुन्हा हसले. निकोदिमोसही हसला. हसायचं असतं हे त्याला समजत होतं. तो म्हणाला, "हो, बाबांनी सांगितलं होतं," आणि हे खोटं बोलताना त्याला वडिलांची पाठ दिसली, ताठ झालेली.

गाडीत बसून त्याने किल्ली घातली, पण फिरवली नाही. चौकापलीकडे कुठेतरी शाळेत लहान मुलं ओरडत होती. सगळं जिथल्या तिथे होतं आणि काहीच तिथे नव्हतं. आई बिछान्याशी वाकत होती, चेहऱ्याजवळ चेहरा आणत होती, पण आता ती दुसऱ्या कुणाला शोधत नव्हती. ती त्याच्या नाकाशी कान लावून श्वास ऐकत होती. सात वर्षं, रोज रात्री. वडिलांनी त्याला काखेत धरून परत बसमध्ये बसवलं, इतक्या जोरात, कारण ज्या रस्त्यावर पोर एकदा जाता जाता राहिलं त्या रस्त्यावर ते पोर पाय ठेवतं आहे हे त्यांना बघवलं नव्हतं. दुसरा हॉर्न त्याच्यासाठी होता. तेल त्याच्यासाठी होतं. ज्याचा त्याने आयुष्यभर हेवा केला, तो तो स्वतःच होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि त्याला कशाचं रडू येतंय हे नीट ठरवता येईना, कारण त्याच वेळी उजवीकडे, आत्या बसली होती तिथेच, कुणीतरी उठून चाललं होतं. माथियोस नव्हता. कधीच नव्हता. पहाऱ्यावर तो एकटाच जागला होता. त्याला कीव आली ती स्वतःची की त्या नसलेल्याची, कोण जाणे. पण भाऊ मेल्याचं दुःख त्याला आज पहिल्यांदा झालं, इतकी वर्षं तो मेलेलाच होता तरी.

"काय झालं?" आत्या म्हणाली. "कॉफी बाधली?" त्याने गाडी चालू केली. गाव संपून रस्ता उघड्या कड्यावर आला, एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला दरी आणि खूप खाली समुद्राचा एक राखी तुकडा, आणि मग त्याने सांगितलं. समोर बघून, अडखळत. भट्टीवरची बाई, गरम पाव, बोटीतला भाऊ, गणित, केस, ट्रॉलीचं दार, उजवीकडे बघ रे. एवान्थिया का गेली तेही सांगितलं. एवढं तो आजवर कुणाशी सलग बोलला नव्हता. आत्या बाटली मांडीवर धरून ऐकत होती. ती हसेल असं त्याला वाटत होतं. ती कशालाही हसे. पण ती म्हणाली, "तू विचारलं का नाहीस कधी?" "कुणाला विचारणार? सगळे गप्प व्हायचे." "गप्प व्हायचे ते बाबांमुळे," ती म्हणाली. बाबा म्हणजे तिचे वडील, दाराशी काठी घेऊन बसणारे. "बापाचं नाव टाकलं म्हणून बाबा तुझ्या बापाशी अकरा वर्षं बोलले नाहीत. एका घरात, एका टेबलावर, मीठ हवं असलं तरी मला सांगायचे. तुझ्या बाप्तिस्म्याला आले नाहीत. म्हणायचे, दुसरा झाला की बघू. दुसरा कुठून होणार? तुझ्यानंतर तुझ्या आईची कूस उजवली नाही. आणि नवस मोडायचा नाही म्हणून तुझा बाप हटला नाही. मग कोण काय बोलणार, आणि कुणासमोर? बाबांच्या शेवटच्या दिवशी तुझ्या बापाने त्यांचा हात धरला. बाबांनी काढून घेतला नाही. तेवढाच समेट." तिने मांडीवरची बाटली सरळ केली. "ते नाव तसंच बसून राहिलं घरात. कुणाचंच नाही. मला वाटायचं, वाया गेलं." मग ती त्याच्याकडे वळली. "जेवायचा का रे नीट?" "कोण?" "माथियोस." "हो," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगला."

वळण अचानक आलं. त्याच्या आठवणीत ते केवढंतरी होतं, प्रत्यक्षात लाडासुद्धा एका दमात वळली असती. वरच्या अंगाला रस्तेवाल्यांनी पांढरे खुंट ठोकले होते. त्याने गाडी कडेला घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे खाली उतरला. देवळी त्याच्या छातीइतकीच उंच होती. पत्र्याला पांढरा रंग होता, दर वर्षी मारलेला, थरांवर थर, म्हणून कोपरे गोल झाले होते. या वर्षीचा मात्र मारलेला नव्हता. त्याने छोटं दार उघडलं. आत संताची तसबीर, विझलेला दिवा, वाती ठेवायला जॅमचा डबा, काडेपेटी. आणि दाराच्या आतल्या अंगाला, रंग न मारता सोडलेल्या पत्र्यावर, खिळ्याने ओढलेल्या रेघा. पाच-पाचच्या जुड्या, चार उभ्या, एक आडवी. वरच्या सरळ आणि खोल, खालच्या खाली वाकड्या होत गेलेल्या, शेवटची तर पत्र्यावर नुसती घसरलेली. त्याने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच त्याला कळलं की किती निघणार. छप्पन्न. सत्तावन्नावा वाढदिवस त्याचा मे महिन्यात झाला होता, आणि वडील फेब्रुवारीत गेले होते. तो तिथे उभा राहून रडला, आवाज न करता, आणि आत्या गाडीला टेकून समुद्राकडे बघत राहिली, जणू तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. मग तिने येऊन कोटाच्या बाहीने दिव्याची काच पुसली, तेल ओतलं, वात लावली. "फोटो लावायचा असेल तर लाव आता स्वतःचा," ती म्हणाली. "फक्त लोक समजतील की गेलास." त्याला रडता रडता हसू आलं.

त्याने नगरपालिकेत फोन लावला. त्याच मुलीने घेतला. "जिवंत," तो म्हणाला. "बरं झालं," ती म्हणाली, मनापासून म्हणाली असावी. "नाव?" त्याने आपलं नाव सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच?" "हो. मीच." "मग पाद्रीबाबांची गरज नाही. सोमवारी उचलतील." आत्या त्याची बाही ओढत होती. "गरज आहे म्हणावं तिला." त्याने फोनवर हात ठेवला. "आत्या, कोणासाठी? कोण मेलंय?" "पन्नास वर्षं तुझ्या मदतीला उभा राहिला," ती म्हणाली, "त्याला कुणी निरोप द्यायचा की नाही? पाद्रीबाबांना नावाशी मतलब. कागदावर माथियोस असलं की माथियोस वाचतील. बाबांचंही तेच नाव आहे, कुणी काही विचारत नाही. झालंच तर बाबांनाही पोचेल थोडं." त्याने हात काढला. "ऐका," तो त्या मुलीला म्हणाला, "पाद्रीबाबा हवेत. एक नाव आहे. माथियोस." "ते तुमचे कोण?" पेनाचा आवाज ऐकू येत होता. निकोदिमोसने देवळीतल्या ज्योतीकडे पाहिलं; ती वाऱ्याने आडवी होत होती, पण विझत नव्हती. "घरातलेच," तो म्हणाला.

गाडीत बसण्याआधी त्याने किल्लीच्या टोकाने दाराच्या आत शेवटच्या रेघेखाली एक रेघ ओढली. जुन्या पत्र्यावर ती सरळ आली नाही, वडिलांच्या खालच्या रेघांसारखीच आली. मेसोवुनी वर दिसत होतं, पंधरा-वीस पांढरी घरं आणि बंद शाळा. आत्या म्हणाली, तिथे आता ओळखीचं कुणी नाही, परत जाऊ या. त्याने गाडी वळवून घेतली. आत्या उजवीकडे येऊन उभी राहिली, पुढचं दार तिने उघडलं, हातातली तेलाची बाटली सीटवर ठेवली, वाकून आत पाहिलं, मग ते तसंच लावलं आणि मागचं दार उघडून टोपलीशेजारी बसली, चौऱ्याऐंशी वर्षांचे गुडघे धरून, कण्हत. "मागे कशाला, आत्या? पुढे ये." "नको," ती म्हणाली. "पुढे त्याला बसू दे. बंदरापर्यंत." निकोदिमोसने उजवीकडच्या सीटवर राहिलेली तेलाची बाटली उचलून तिच्या हातात दिली, गाडी चालू केली आणि वळणावर दोनदा हॉर्न दिला.